जंतुसंसर्गाच्या भीतीला आकड्यांचे उत्तर



शस्त्रक्रियागृहात पर्यावरणाचा विचार करणे म्हणजे रुग्णाच्या जिवाशी खेळणे, हे मागील अंकातील पत्रलेखकांचे मत पुराव्यावर टिकत नाही. अरविंद नेत्र रुग्णालयातील मोतीबिंदूच्या फेको शस्त्रक्रियांचा अभ्यास 2017 मध्ये प्रसिद्ध झाला. तिथे एका शस्त्रक्रियेमागे सुमारे 6 किलो कार्बन डायऑक्साइडइतके उत्सर्जन आढळले. ब्रिटनमधील आधीच्या अभ्यासात हाच आकडा सुमारे 180 किलो होता. दोन्हींची मोजणी तंतोतंत सारखी नव्हती, हे मान्य. पण एवढी दरी निव्वळ मोजणीच्या फरकाने पडत नाही. अरविंदमध्ये बरीचशी उपकरणे व साहित्य निर्जंतुक करून पुन्हा वापरले जाते.

संसर्गाची भीती रास्तच आहे. मात्र याच संस्थेतील सहा लाखांहून अधिक शस्त्रक्रियांच्या नोंदींत डोळ्याच्या आतील गंभीर संसर्ग 0.07 टक्क्यांवरून 0.02 टक्क्यांवर आलेला दिसतो, आणि याचे श्रेय शस्त्रक्रियेच्या शेवटी डोळ्यात सोडल्या जाणाऱ्या मॉक्सिफ्लॉक्सॅसिन या प्रतिजैविकाला दिले गेले आहे. इंजेक्शनच्या सुया एकदाच वापराव्यात, याबद्दल वाद नाहीच. भुलीच्या डेस्फ्लुरेन वायूबाबत तर आक्षेपाला फारच कमी जागा उरते: शंभर वर्षांच्या हिशेबाने तो कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे अडीच हजार पट तापमानवाढ करतो. स्कॉटलंडच्या आरोग्यसेवेने 2023 मध्ये त्याचा वापर थांबवला. सेव्होफ्लुरेनचा पर्याय आपल्याकडेही आहे. महाराष्ट्रातील वैद्यकीय महाविद्यालयांनी निदान डेस्फ्लुरेनची खरेदी तरी आता बंद करावी.