सहव्याधी कोणाची?

प्रत्येक महासाथ जाताना आपल्या भाषेत एखादा शब्द ठेवून जाते. प्लेगने ‘गाठीचा ताप’ दिला. १९१८ च्या इन्फ्लुएन्झाला आपल्याकडच्या खेड्यापाड्यांतून ‘मानमोडी’ म्हणत. १९११ ते १९२१ या दशकात भारताची लोकसंख्या वाढण्याऐवजी घटली, ती मुख्यत्वे या मानमोडीने. कोविडने आपल्याला दिलेला शब्द आहे ‘सहव्याधी’. २०२० पूर्वी हा शब्द वैद्यकाच्या पुस्तकाबाहेर फारसा कुणी ऐकला नव्हता. वर्षभरात तो भाजीवाल्यापासून शाळेतल्या पोरांपर्यंत सगळ्यांच्या तोंडी बसला.

त्या दिवसांत या शब्दाने दोन कामे केली. एक काम चांगले होते. मधुमेह, रक्तदाब, लठ्ठपणा ही केवळ म्हातारपणाची किंवा श्रीमंतीची दुखणी नाहीत, संकटाच्या वेळी ती जिवावर बेततात, हे लोकांना कळले. दुसऱ्या कामाबद्दल मात्र आपण फारसे बोललो नाही. कुणी गेल्याची बातमी आली की पलीकडून लगेच यायचे, ‘‘शुगर होती ना त्यांना!’’ त्यात दुष्टपणा नव्हता, भीती होती. मला शुगर नाही, म्हणजे मी वाचेन, असा तो हिशेब होता. पण त्याबरोबरच गेलेल्या माणसाचे खातेही बंद व्हायचे. तो का गेला, खाट कधी मिळाली, प्राणवायू मिळाला की नाही, हे प्रश्न मागे पडायचे. दोष त्याच्या शरीराचा ठरायचा.

नाशिककरांनी तरी हे विसरू नये. मार्च २०२१ च्या अखेरीस देशात सर्वाधिक उपचाराधीन रुग्ण असलेल्या दहा जिल्ह्यांत नाशिकचे नाव होते. २१ एप्रिल २०२१, रामनवमीचा दिवस. काळारामाच्या या गावात एरवी त्या दिवशी पंचवटीत पाय ठेवायला जागा नसते. त्या दिवशी महापालिकेच्या डॉ. झाकीर हुसेन रुग्णालयातल्या प्राणवायूच्या टाकीला गळती लागली, पुरवठ्याचा दाब कमी झाला आणि किमान २२ रुग्ण गुदमरून गेले. त्यांच्यातल्या कुणाचे वजन किती होते, कुणाला मधुमेह होता, हा प्रश्नच तिथे गैरलागू होता. आरोग्य जितके आपल्या अंगात असते तितकेच ते एखाद्या टाकीच्या झडपेत, रस्त्याच्या कडेला आणि सरकारी दवाखान्याच्या कपाटातही असते. महासाथीने दिलेला हा धडा आपण अर्धाच वाचला.

काटा आणि कंबर

अर्धा वाचला, तोही खरा धडा होता हे आधी मान्य करू. लठ्ठपणा आणि गंभीर कोविड यांचा संबंध जगभर दिसला. फेब्रुवारी २०२१ च्या अखेरपर्यंत कोविडने झालेल्या सुमारे २५ लाख मृत्यूंपैकी २२ लाख मृत्यू ज्या देशांत निम्म्याहून अधिक प्रौढांचे वजन जास्त आहे अशा देशांत झाले, असे जागतिक लठ्ठपणा महासंघाने मार्च २०२१ मध्ये दाखवून दिले. या देशांत वृद्धांची संख्याही मोठी आहे आणि मृत्यूंची नोंदही अधिक नीट होते, हे धरूनही आकडा विचार करायला लावतो. ब्रिटनचे तेव्हाचे पंतप्रधान बोरिस जॉन्सन स्वतः अतिदक्षता विभागातून परतले आणि जुलै २०२० मध्ये त्यांनी लठ्ठपणाविरोधी मोहीम जाहीर केली. आपल्याकडे २०२१ च्या दुसऱ्या लाटेनंतर म्युकरमायकोसिस आला. अनियंत्रित साखर आणि स्टेरॉइड यांच्या जोडीने कित्येकांचे डोळे आणि जबडे नेले.

मग आपण कामाला लागलो. गोल्फ क्लब मैदानावर सकाळी चालणाऱ्यांत नवे चेहरे दिसू लागले. सायकलींना पुन्हा मान आला. नाशिकला ही हवा नवीन नव्हती. डॉ. हितेंद्र आणि डॉ. महेंद्र महाजन या इथल्या दोघा भावांनी २०१५ मध्ये ‘रेस अॅक्रॉस अमेरिका’ ही महाकठीण सायकल शर्यत जोडीने पूर्ण केली होती. हरसूलजवळच्या सावरपाड्याच्या कविता राऊतने २०१० च्या राष्ट्रकुल स्पर्धेत दहा हजार मीटर शर्यतीत कांस्यपदक आणले होते. घरोघरी आहाराचे वाद तर महासाथीच्या आधीच रंगले होते. कुणी डॉ. जगन्नाथ दीक्षित यांच्याप्रमाणे दिवसातून दोनदाच जेवायचे, तर कुणी ऋजुता दिवेकर यांच्याप्रमाणे दर दोन तासांनी थोडे थोडे. लग्नाच्या पंगतीत एकाच टेबलावर दोन्ही पंथांचे लोक बसले की यजमानीणबाईंची पंचाईत व्हायची. एवढा वाद आपण पूर्वी फक्त राजकारणावर घालत होतो.

प्रस्तुत लेखकही या मेळ्यात आहे. तीस-बत्तीस वर्षे बँकेच्या खुर्चीत गेली आणि कादंबरी लिहिणे हाही बसूनच करण्याचा धंदा. गेल्या चार वर्षांत सहा किलो वजन उतरवले. त्यासाठी कोणताही चमत्कार केला नाही. रोज पाऊण तास चाललो, रात्रीचे जेवण आठाच्या आत उरकले आणि घरातल्या तेलाचा हिशेब मांडला.

या तेलाच्या हिशेबाबद्दल थोडे विस्ताराने सांगायला हवे. भारतात आज दरडोई खाद्यतेल वर्षाला साडेएकोणीस किलोंच्या आसपास खपते. चौघांच्या कुटुंबाला महिन्याला साडेसहा किलो. ‘‘आमच्याकडे एवढे आणतच नाहीत,’’ असे वाचक म्हणतील. खरे आहे, उरलेले रविवारच्या मिसळीच्या तर्रीतून, चिवड्यातून, बिस्किटांतून आणि कार्यालयाखालच्या वडापावातून येते. आता दुसरी बाजू पाहा. पंचाहत्तर किलोचा माणूस अर्धा तास बऱ्यापैकी वेगाने चालला तर साधारण दीडशे कॅलरी खर्च करतो. एक मोठा चमचा तेलात जवळजवळ तेवढ्याच कॅलरी असतात. म्हणजे खर्चाच्या बाजूला अर्धा तास आणि जमेच्या बाजूला एक चमचा. नुसत्या चालण्याने वजन का उतरत नाही, या तक्रारीचे उत्तर या दोन ओळींत आहे.

पण म्हणून चालणे सोडायचे का? मुळीच नाही. चेन्नईचे डॉ. ए. रामचंद्रन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मधुमेहाच्या उंबरठ्यावरच्या ५३१ भारतीयांचा अभ्यास केला, तो २००६ मध्ये प्रसिद्ध झाला. ज्यांनी आहार आणि चालणे सुधारले त्यांच्यात मधुमेह होण्याचे प्रमाण सुमारे २८ टक्क्यांनी घटले. गंमत अशी की, त्यांचे वजन विशेष कमी झालेच नव्हते. काटा हलला नाही, तरी आत रक्तात बदल झाला होता. महिनाभर चालून काटा जागचा हलत नाही म्हणून बूट कपाटात टाकणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावे. आपल्या माणसांसाठी काट्यापेक्षा शिंप्याची टेप अधिक खरी. पुरुषांची कंबर ९० सेंटिमीटर आणि स्त्रियांची ८० सेंटिमीटर यांच्या वर गेली की सावध व्हायचे, मग वजन काहीही असो.

बारीक माणसाचे पोट

याचे कारण समजून घेण्यासाठी पुण्याला जायला हवे. तिथल्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन यांचे एक छायाचित्र २००४ मध्ये ‘लॅन्सेट’ या नियतकालिकात छापून आले. दोघांचा उंची-वजनाचा निर्देशांक एकच, २२.३. पण युडकिन यांच्या शरीरात चरबी ९.१ टक्के आणि याज्ञिकांच्या शरीरात २१.२ टक्के! दिसायला बारीक आणि आतून चरबीचा, असा हा भारतीय देह. याज्ञिकांनी १९९३ पासून पुण्याजवळच्या सहा खेड्यांतल्या गरोदर स्त्रियांचा आणि पुढे त्यांच्या मुलांचा अभ्यास केला. तिथले बाळ जन्मताना सरासरी २.७ किलोचे, इंग्लंडमधले साडेतीन किलोचे. फरक आठशे ग्रॅमचा; पण कमी पडले ते मुख्यतः स्नायू आणि अवयव, चरबी मात्र बाळाने त्या मानाने राखलेली. आईच्या उपासाने बाळाला जणू पुढच्या दुष्काळाची तयारी करून पाठवले होते. दुष्काळाऐवजी वडापाव आला, तर त्या तयारीचे ओझे होते.

माझ्या पिढीला हे विशेष लागू. १९७२ च्या दुष्काळात आम्ही शाळेत होतो. लाल मिलो आणि सुकडी आम्हांला माहीत आहे. त्यामुळेच ‘अंगाने भरला’, ‘खात्यापित्या घरचा’ हे आमच्या आयांच्या तोंडचे कौतुकाचे शब्द होते. पोट सुटणे ही बढतीची खूण होती. दोन पिढ्यांत त्याच पोटाला डॉक्टर आजार म्हणू लागले. भारतीय वैद्यक संशोधन परिषदेच्या २०२३ च्या अहवालाप्रमाणे देशात मधुमेही १० कोटी १० लाख आहेत; प्रौढांत पोटाचा लठ्ठपणा ३९.५ टक्के.

आता याच नाशिक जिल्ह्याचे दुसरे टोक पाहू. गंगापूर रोडवर वजन उतरवण्याचे वर्ग आहेत. तिथून दोन-अडीच तासांवर पेठ, सुरगाण्यात अंगणवाडीच्या काट्यावर मुलांचे वजन वाढावे म्हणून सेविका धडपडत असते. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत (२०१९-२१) महाराष्ट्रातल्या २३.४ टक्के स्त्रियांचे वजन जास्त निघाले आणि २०.८ टक्के स्त्रियांचे कमी. पाच वर्षांखालची ३५.२ टक्के मुले वयाच्या मानाने खुजी. वरवर पाहता ही दोन वेगळी दुखणी वाटतात. पण याज्ञिकांच्या कामाचा अर्थ असा की, आज सुरगाण्यात अशक्त आईच्या पोटी जन्मलेले कमी वजनाचे मूल उद्या अंबडच्या कारखान्यात बाराबारा तास बसून काम करील, टपरीवर खाईल आणि चाळिशीत मधुमेही होईल. भुकेचे कर्ज पुढच्या खात्यात व्याजासह वर्ग झालेले असेल.

सुई आणि फुटपाथ

या सगळ्यावर आता सुई आली आहे. मार्च २०२५ मध्ये ‘मौंजारो’ नावाने टिर्झेपॅटाइड हे औषध भारतात आले. आले तेव्हा अडीच मिलिग्रॅमच्या कुपीची किंमत साडेतीन हजार रुपये होती. आठवड्याला एक धरली तर महिन्याला चौदा हजार. सेमाग्लूटाइड हे याच कुळातले. त्याचे भारतातले पेटंट मार्च २०२६ पर्यंतचे. ही औषधे गुणकारी आहेत, यात वाद नाही. सेमाग्लूटाइडच्या चाचणीत ६८ आठवड्यांत सरासरी १५ टक्के वजन उतरले. पण औषध थांबवल्यावर वर्षभरात उतरलेल्यापैकी दोन-तृतीयांश वजन परत आले. म्हणजे हे एकरकमी फेडायचे कर्ज नव्हे, हा चालू राहणारा हप्ता आहे. ज्यांना डॉक्टरांनी खरोखर गरज सांगितली आहे त्यांनी संकोच करू नये. मात्र, ज्या शहरात रोज चालायला जागा नाही त्या शहराने सुईवर भिस्त ठेवावी, हे शहाणपण नव्हे.

आणि चालायला जागा खरोखर किती आहे? भारतातले जवळजवळ निम्मे प्रौढ पुरेशी हालचाल करत नाहीत, असे ‘लॅन्सेट ग्लोबल हेल्थ’मधल्या २०२४ च्या अभ्यासात दिसले. पुरुषांत ४२ टक्के, स्त्रियांत ५७ टक्के. हा फरक आळसाचा नाही. सकाळी सहाला पुरुष बूट घालून बाहेर पडतो, तेव्हा तिचा डबा व्हायचा असतो. संध्याकाळी ती मोकळी होते तेव्हा पदपथावर गाड्या लागलेल्या असतात, दिवे गेलेले असतात आणि कोपऱ्यावर टोळके बसलेले असते. रात्री उरलेली पोळी-भाजी वाया जाऊ नये म्हणून पुन्हा तीच खाते. तिला आपण ‘मनावर घे’ असा सल्ला देतो. मनावर घ्यायचे ते घरातल्या बाकीच्यांनी आणि महापालिकेने.

त्यामुळे घरापुरते म्हणाल तर तीन गोष्टी पुरेत. तेलाचा डबा किती दिवस पुरतो त्याची तारीख त्यावरच लिहावी. वर्षातून एकदा घरातल्या सगळ्या मोठ्यांची कंबर, रक्तदाब आणि साखर मोजावी. तिशीपुढच्यांची ही तपासणी सरकारी आरोग्य केंद्रांत मोफत होते, तिथे जायला कमीपणा मानू नये. आणि सकाळचा डबा घरातल्या दुसऱ्या कुणीतरी करावा, म्हणजे आठवड्यातून चार दिवस तिलाही बूट घालता येतील.

घराबाहेरचे काम याहून मोठे आहे. प्रभागाच्या नगरसेवकाला आपण नळाचे पाणी आणि रस्त्यातले खड्डे विचारतो. त्याच यादीत आता मोकळा पदपथ, संध्याकाळी उघडे आणि उजेडाचे मैदान, दवाखान्यात रक्तदाबाच्या गोळ्यांचा साठा आणि रुग्णालयातल्या प्राणवायूच्या टाकीच्या तपासणीची शेवटची तारीख हेही यायला हवे. पुढची महासाथ कधी येईल ते कुणी सांगू शकत नाही. ती येईल तेव्हा आपल्या अंगातल्या सहव्याधींबरोबर ती शहराच्या सहव्याधीही शोधील, आणि त्या कमी करायला आजचे शांत दिवसच हाताशी आहेत.