मराठीचा पेपर कानापासून सुरू होतो

दहावीची परीक्षा जवळ आली की सोलापुरातल्या उर्दू माध्यमाच्या घरांत एक वाक्य हमखास ऐकू येते, “बाकी सब हो जाता, मराठी का टेन्शन है.” गणिताला क्लास लावला जातो, इंग्रजीला क्लास लावला जातो. मराठीसाठी मात्र जानेवारीत एक गाईड आणले जाते आणि त्यातले चार निबंध व तीन पत्रे पाठ केली जातात. पस्तीस मिळाले की घरात सुटकेचा निःश्वास पडतो. गेली काही वर्षे मी नई जिंदगी आणि विजापूर वेस भागातल्या मुलांना संध्याकाळी मराठी शिकवतो. त्या अनुभवावरून माझे मत असे झाले आहे की आपली मुले मराठीत कच्ची नाहीत, त्यांची तयारी उलट्या टोकाने सुरू होते. ती पाठांतरापासून लिहायला लागतात. भाषा आधी कानात यावी लागते आणि मगच ती हातात उतरते.

पस्तीस गुणांवर समाधान मानणे आपल्याला परवडणारे नाही. दहावीनंतर मराठी संपत नाही, उलट तिथून ती जास्त आडवी येते. पोलीस शिपाई भरतीच्या 100 गुणांच्या लेखी परीक्षेत मराठी व्याकरण हा स्वतंत्र घटक आहे. 2023 च्या तलाठी भरतीत 200 पैकी 50 गुण मराठीचे होते. आपल्या वस्तीतल्या पोरी-पोरांना वर्दी हवी आहे, सरकारी नोकरी हवी आहे. धावण्यात आणि गोळाफेकीत ती मागे नाहीत. ती अडकतात ती सामान्यरूप आणि प्रयोग ओळखण्यात.

वीस गुण ‘देऊन टाकू’ नका

दहावीला द्वितीय भाषा मराठीचा लेखी पेपर 80 गुणांचा आणि उरलेले 20 गुण शाळेत होणाऱ्या अंतर्गत मूल्यमापनाचे. श्रवण आणि भाषण ही कौशल्ये याच वीस गुणांत येतात. 2018-19 या वर्षी हे गुण बंद केले होते. मार्च 2019 चा राज्याचा निकाल 77.10 टक्के लागला. आदल्या वर्षी तो 89.41 टक्के होता. त्या वर्षी अभ्यासक्रमही नवा होता, त्यामुळे सगळी घसरण तोंडी गुणांच्या खात्यावर टाकता येणार नाही. पण ओरड मोठी झाली आणि 2019-20 पासून 80-20 ची पद्धत परत आली.

या ओरडीत एक गोष्ट कुणी विचारली नाही. हे वीस गुण मुलांना मिळतात, पण त्यांची परीक्षा खरोखर होते का? अनेक ठिकाणी मुलगा समोर येतो, नाव सांगतो, एक पाठ केलेली कविता म्हणतो आणि अठरा गुण घेऊन जातो. शिक्षकांचा हेतू चांगला असतो, पोरगा पास व्हावा एवढाच. पण ज्या एकमेव परीक्षेसाठी मुलाने मराठी ऐकली असती, बोलली असती, तीच आपण त्याच्याकडून काढून घेतो. हे फुकटचे गुण मला मदत वाटत नाहीत. त्याची किंमत तो पुढे भरतीच्या रांगेत मोजतो.

निम्मी मराठी घरातच आहे

पालकांना मी पहिल्यांदा हे सांगतो की मराठी तुमच्या मुलाला परकी नाही. आपण घरात जी दखनी बोलतो तिच्यात मराठी आधीच बसलेली आहे. ‘नक्को’ हा शब्द कुठून आला? ‘मैंच जाताउँ’ मधला ‘च’ कुणाचा? तो मराठीतल्या ‘मीच’ चा ‘च’ आहे. लखनौच्या उर्दूत तो सापडणार नाही. उलट बाजूने पाहा. अर्ज, तारीख, कागद, वकील, हजर, शहर, बाजार, जमीन, दुकान हे शब्द फारसी-अरबीतून मराठीत आले आणि इथलेच झाले. मराठीच्या पुस्तकातले कितीतरी शब्द आपल्या मुलाला आधीच माहीत असतात, फक्त कुणी त्याला ते दाखवून दिलेले नसतात.

पण ओळखीची भाषाच कधीकधी जास्त फसवते. ‘खाली’ म्हटले की आपल्या मुलाला रिकामे आठवते, मराठीत ते ‘वर’ च्या विरुद्ध आहे. ‘सही’ म्हणजे त्याला बरोबर वाटते, मराठीत ती स्वाक्षरी आहे. ‘रजा’ उर्दूत संमती, मराठीत सुट्टी. उर्दूतला ‘कल’ मागचा दिवसही असतो आणि पुढचाही. मराठीत ‘काल’ वेगळा, ‘उद्या’ वेगळा. उताऱ्यात ‘काल’ ऐकून मुलगा उत्तरात ‘उद्या’ लिहितो आणि गुण जातो. ‘हम’ या एका शब्दासाठी मराठीत दोन शब्द आहेत. ‘आम्ही निघालो’ मध्ये ऐकणारा नाही, ‘आपण निघू’ मध्ये तोही आहे. अशा जोड्यांची एक वही करा. गाईडपेक्षा ती जास्त उपयोगी पडेल.

ऐकण्याची तयारी

श्रवणासाठी खर्च काही नाही, रोजची पंधरा मिनिटे हवीत. घरात कुणीतरी मराठी वर्तमानपत्रातली आठ-दहा ओळींची बातमी मोठ्याने वाचावी. वाचणारा मोठा भाऊ असेल, शेजारच्या काकू असतील, कुणीही चालेल. कुणी नसेल तर आकाशवाणीच्या मराठी बातम्या आहेत. मुलाने कागदाकडे पाहायचे नाही. पहिल्यांदा ऐकताना फक्त चार गोष्टी पकडायच्या, कोण, कुठे, कधी आणि किती. दुसऱ्यांदा ऐकताना काय झाले आणि का झाले. मग बातमी बाजूला ठेवून आपल्या शब्दांत पाच वाक्ये लिहायची आणि शेवटी मूळ बातमीशी ताडून पाहायची.

एक सवय मोडायला लागते. आपली मुले ऐकताना प्रत्येक शब्दाचे मनात उर्दू करत बसतात. तिसऱ्या शब्दावर अडली की पुढची दोन वाक्ये निसटतात. एखादा शब्द कळला नाही तर तो सोडायचा आणि वाक्य धरायचे. बाजारात आपण हेच करतो. भाजीवाल्या मावशीचा प्रत्येक शब्द कुठे कळतो? भाव मात्र कधी चुकत नाही.

आकड्यांचा सराव वेगळा करा. त्रेपन्न, एकोणसत्तर, पंचेचाळीस हे कानाला उर्दूच्या जवळचे वाटतात, पण घाईत गोंधळ होतो. एकाने आकडे म्हणायचे, दुसऱ्याने अंकांत लिहायचे. आठ दिवसांत फरक दिसतो.

मग येतात ते ‘ळ’ आणि ‘ण’. उर्दूत हे आवाज नाहीत, म्हणून मूल ‘शाला’ आणि ‘पानी’ लिहिते. ती फक्त लिहिण्यातली चूक नसते, त्याला वेगळा आवाज ऐकूच आलेला नसतो. वेल-वेळ, काल-काळ, बाल-बाळ, मन-मण, खान-खाण अशा जोड्या म्हणा आणि कुठला शब्द ऐकला ते त्याला लिहू द्या. कान फरक ओळखू लागला की हात आपोआप सुधारतो.

लिहिण्याची तयारी

ऱ्हस्व-दीर्घाच्या चुकांवरून आपल्या मुलांची फार थट्टा होते. त्यामागचे कारण समजून घ्यायला हवे. उर्दू लिहिताना ऱ्हस्व स्वर सहसा लिहिलेच जात नाहीत, वाचणारा ते अंदाजाने भरतो. त्या सवयीच्या मुलाला देवनागरीत प्रत्येक इकार-उकार दाखवावा लागतो. त्याला नियम द्या, आणि उदाहरणे त्याच्याच ओळखीची द्या. शब्दाच्या शेवटचे इकार-उकार दीर्घ, जसे मी, तू, कवी, गुरू. ‘आणि’ हा ठळक अपवाद. शेवटचे अक्षर अकारान्त असेल तर मराठी वळणाच्या शब्दांत त्याआधीचा इकार-उकार दीर्घ, जसे गरीब, वकील, फूल. पण प्रत्यय लागला की तोच ऱ्हस्व होतो, म्हणून गरिबाला, वकिलाला, फुलाला. ‘गरीब’ आणि ‘वकील’ तर आपल्याच घरातले शब्द. त्यांच्यावरून शिकवलेला नियम पोरे विसरत नाहीत.

दुसरी अडचण लिंगाची. उर्दूत दोन लिंगे, मराठीत तीन. दुकान उर्दूत स्त्रीलिंगी, मराठीत ते दुकान. शहर, घर, पाणी उर्दूत पुल्लिंगी, मराठीत नपुंसकलिंगी. वहीत तो, ती, ते असे तीन रकाने पाडा आणि पाठातला प्रत्येक नवा शब्द योग्य रकान्यात टाका. ‘मैंने’ वरून ‘मीने’ लिहिणारी मुले दर वर्गात भेटतात. त्यांना लाल शाईची रेघ मारून उपयोग नाही. ‘मी काम केले, मी भाकरी खाल्ली, मी पुस्तक वाचले’ अशी वीस वाक्ये मोठ्याने म्हणून घ्या, मग लिहून घ्या. बोलताना आपण ‘माझं घर’ म्हणतो, पेपरात ‘माझे घर’ लिहायचे, हेही स्पष्ट सांगा.

उपयोजित लेखन हा खरा गुण मिळवून देणारा भाग. पत्र, बातमी, जाहिरात, कथा यांचा साचा दोन तासांत समजतो, आतला मजकूर मात्र स्वतःचा हवा. पाठ केलेले पत्र ओळखू येते, कारण विषय पाण्याच्या टंचाईचा असतो आणि मुलगा वृक्षारोपणाची रोपे मागत असतो. सोलापुरात पाणी किती दिवसांनी येते हे आपल्या मुलाला कुणी शिकवायला नको. त्यावर महापालिकेला विनंतीपत्र लिहायला सांगा. ईदच्या बाजाराची बातमी लिहायला सांगा, चादरीच्या दुकानाची जाहिरात करायला सांगा. ज्याच्याकडे सांगण्यासारखे असते त्याला वाक्ये सापडतात. शेवटच्या महिन्यात घड्याळ लावून तीन पूर्ण प्रश्नपत्रिका सोडवून घ्या. उजवीकडून डावीकडे लिहिणाऱ्या हाताला सलग देवनागरीची सवय वेगळी करावी लागते.

भाषा कुणाची?

विधिमंडळाने 2020 मध्ये कायदा करून सर्व माध्यमांच्या शाळांत पहिली ते दहावी मराठी सक्तीची केली. कायद्याने विषय वेळापत्रकात येतो, जिव्हाळा येत नाही. तो यायचा तर दोन्हीकडच्यांनी थोडे बदलायला हवे. आपल्याकडे अजूनही काहींना वाटते की मराठी शिकली तर उर्दू जाईल. दोन भाषा एका घरात सुखाने नांदतात, सोलापूर तर मराठी, कन्नड, तेलुगू आणि उर्दू अशा चार भाषांत रोज व्यवहार करते. अक्कलकोटकडच्या कन्नड शाळेतल्या मुलापुढेही मराठीचा हाच पेपर असतो आणि त्याचीही धडपड हीच असते. दुसरीकडे आपले मराठी मित्र कौतुकाने म्हणतात, “अरे वा, तुम्ही मुसलमान असून किती छान मराठी बोलता!” त्यांच्या मनात वाईट नसते. पण पंधरा वर्षांच्या मुलीला त्यातून एवढेच कळते की ही भाषा तिची नाही, ती पाहुणी आहे.

तिला हे सांगितले पाहिजे की शाहीर अमर शेख याच जिल्ह्यातल्या बार्शीचे. संतसाहित्याचे अभ्यासक यू. म. पठाण करमाळ्याचे, आणि 1990 च्या पुण्याच्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे ते अध्यक्ष होते. त्याच वर्षी पहिले मुस्लिम मराठी साहित्य संमेलन आपल्या सोलापुरात भरले. त्याही मागे जायचे तर श्रीगोंद्याच्या शेख महंमदांनी ‘योगसंग्राम’ मराठीत लिहिला. हे सारे मराठीत पाहुणे नव्हते.

शिक्षकांना माझी विनंती आहे की यंदा तोंडी परीक्षा खरी घ्या. उतारा वाचा, प्रश्न विचारा, मुलांना चुकू द्या. पालकांना सांगणे एवढेच की आजपासून रोज पंधरा मिनिटे घरात मराठी वाचली जाऊ द्या. परीक्षा फेब्रुवारी-मार्चमध्ये आहे, तोवर कान तयार व्हायला वेळ पुरेसा आहे.