वास आला, निदान झालं

"टाकलीये त्यानं. राहू द्या."

नगर-मनमाड रस्ता, नागापूर एमआयडीसीच्या थोडं पुढं, रात्रीचे साडेअकरा. कडेला पडलेल्या सायकलवाल्याभोवती जमलेल्या सात-आठ जणांनी एकमतानं दिलेला हा निकाल. एवढं एकमत आपल्याकडे ग्रामसभेत होत नाही. हँडलला अडकवलेला डबा उघडून चतकोर भाकरी मातीत पडली होती. डाव्या कानातून रक्त येत होतं. ते कुणाला दिसलं नाही, कारण वास आधी आला.

मी खाली बसलो. वास येत होता, खोटं कशाला बोलू? मग काय? पिणाऱ्याची कवटी लोखंडाची होते का?

आम्ही त्याला ज्या दवाखान्यात नेलं, तिथंही नाकानंच तपासणी झाली. "उतरली की बोलेल, झोपू द्या." बरळणं, ओकणं, झोपाळणं ही नशेची लक्षणं. कवटीच्या आत रक्त साचायला लागलं तरी नेमकी हीच. म्हणून तर प्यालेल्याचं डोकं जास्त जपून तपासायचं असतं. दर थोड्या वेळानं हाक मारायची, बॅटरी मारून दोन्ही बाहुल्या सारख्या आहेत का बघायच्या, शंका आली की सीटी स्कॅन. काही जखमी तास-दोन तास नीट बोलतात आणि मग एकदम बुडतात. आमचा माणूस नीट बोलतही नव्हता. पहाटे एक बाहुली मोठी झाली, तेव्हा कुठं धावपळ सुरू झाली.

आपल्या नगर जिल्ह्याला दारुड्याला बडवण्याची जुनी हौस. राळेगणसिद्धीत त्याला खांबाला बांधून फोडत, आणि आम्ही ते कौतुकानं सांगत आलो. दारू हे पाप एकदा ठरलं की पडलेला माणूस पेशंट राहत नाही, आरोपी होतो. गंमत म्हणजे याच जिल्ह्यात साखर कारखान्यांच्या मळीतून अल्कोहोल निघतं, त्याला आम्ही सहकार म्हणतो. महामार्गापासून 500 मीटरच्या आत दारूची दुकानं नकोत, असं सर्वोच्च न्यायालयानं डिसेंबर 2016 मध्ये सांगितलं. तर ते अंतर कुठून कुठं मोजायचं आणि शहरातल्या रस्त्याला महामार्ग म्हणायचंच का, यावर केवढी अक्कल खर्ची पडली!

मोटार वाहन कायद्याचं कलम 185 मोटार चालवणाऱ्यासाठी आहे. 100 मिलीलीटर रक्तात 30 मिलीग्रॅमच्या वर अल्कोहोल सापडलं तर पहिल्या गुन्ह्याला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा 10,000 रुपये दंड, किंवा दोन्ही. सायकलला ते लागूच नाही. पण मिलीग्रॅमचा हिशेब गाडीवाल्याला, सायकलवाल्याला शेजाऱ्याचं नाक पुरतं. गाडीवाला मोठ्या घरचा असला तर काय काय होतं, ते मे 2024 मध्ये पुण्यात कल्याणीनगरला पाहिलंच. मोटारीनं घेतलेल्या दोन जिवांच्या बदल्यात आधी जामिनासाठी 300 शब्दांचा निबंध. पुढं रक्ताचा नमुना बदलल्याच्या आरोपावरून सरकारी डॉक्टरांना अटक झाली.

"हेल्मेट घालायला हवं होतं," असं माझा एक सायकलप्रेमी मित्र म्हणाला. घालावंच, माझं स्वतःचं डोकं त्यानंच एकदा वाचवलंय. पण ज्याची जुनी सायकल तुझ्या हेल्मेटपेक्षा स्वस्त आहे, त्याला रात्रपाळीहून सुटल्यावर हे सांगायला तूच जा. जाताना मागचा दिवा नसलेल्या उसाच्या ट्रॉल्याही मोज.

कागदावर 'मद्यधुंद अवस्थेत तोल जाऊन पडला' असं लिहिलं गेलं. ती सायकल मी उचलून कडेला ठेवली होती. पुढचं चाक सरळ होतं, गरागरा फिरत होतं. मागचं मडगार्ड पार सीटखाली घुसलं होतं आणि त्यावर बोटभर पांढरा रंग लागला होता. सायकल हिरवी होती.