मक्दलाचे अकरा ताबोत

१८६७च्या अखेरीस जनरल रॉबर्ट नेपियर मुंबईहून ॲबिसिनियाच्या, म्हणजे आजच्या इथिओपियाच्या, स्वारीवर निघाला. तो मुंबई लष्कराचा सरसेनापती होता. त्याच्या दिमतीला सुमारे तेरा हजार गोरे आणि हिंदी सैनिक होते, आणि जड तोफा डोंगर चढवून नेण्यासाठी हिंदुस्थानातून नेलेले ४४ हत्ती. मलिक अंबर ज्या हबशातून दख्खनमध्ये आला, त्याच देशावर सुमारे तीनशे वर्षांनी मुंबईहून फौज गेली. लुटीच्या वस्तू परत करायच्या की नाहीत, हा वाद लंडन आणि आदिस अबाबा यांच्यातला म्हणून आपण लांबून पाहतो. पण या लुटीत आपल्याकडच्या शिपायांचे पाय आणि हत्तींच्या पाठी वापरल्या गेल्या होत्या, हे विसरून चालणार नाही.

स्वारीचे निमित्त होते ओलिसांचे. सम्राट तेवोद्रोसने १८६२ साली व्हिक्टोरिया राणीला मैत्रीचे पत्र पाठवले होते. त्याला उत्तर आले नाही, म्हणून संतापून त्याने ब्रिटिश वकील कॅमेरॉनसह काही युरोपियनांना कैदेत टाकले. हे कृत्य समर्थनीय नव्हतेच. पण १३ एप्रिल १८६८ रोजी मक्दला किल्ल्यावर अखेरचा हल्ला झाला, तेव्हा ओलीस सुटून इंग्रजी छावणीत पोहोचलेले होते. तेवोद्रोसने स्वतःवर पिस्तूल झाडून घेतले. ते पिस्तूलही राणीकडून भेट आलेले होते. मग किल्ला आणि तिथले चर्च लुटले गेले. हस्तलिखिते, मुकुट, सोन्याचे चषक, क्रूस असा सारा ऐवज पंधरा हत्ती आणि जवळजवळ दोनशे खेचरांवर लादून दलांताच्या पठारावर नेला गेला आणि तिथे त्याचा लिलाव झाला. ब्रिटिश म्युझियमने या स्वारीबरोबर रिचर्ड होम्स नावाचा आपला माणूस धाडला होता. लिलावात तो मोठा गिऱ्हाईक ठरला.

तेवोद्रोसचा सात वर्षांचा मुलगा अलेमायेहू यालाही इंग्लंडला नेले. त्याची आई वाटेतच वारली. तो १८७९ साली, अठराव्या वर्षी गेला आणि विंडसरला पुरला गेला. त्याचे अवशेष मायदेशी द्यावेत ही विनंती राजवाड्याने २०२३ साली पुन्हा नाकारली.

या साऱ्या लुटीत मला सर्वांत अस्वस्थ करतात ते ताबोत. दशाज्ञांच्या पाट्यांचे प्रतीक असलेली ही लाकडी किंवा दगडी फळी. ती गाभाऱ्यात असल्याशिवाय इथिओपियातले चर्च पवित्र मानले जात नाही, आणि धर्मगुरूंखेरीज कुणी ती पाहायची नसते. ब्रिटिश म्युझियमकडे असे अकरा ताबोत आहेत, बहुतेक मक्दलाचेच. संग्रहालयाने ही श्रद्धा पाळली आहे. ताबोत कधी मांडले गेले नाहीत, आणि ते ठेवलेल्या खोलीत खुद्द अभ्यासकही जात नाहीत. ही अदब खरी आहे, मी ती मानतो. पण मग ठेवायचे कशासाठी? साऱ्या जगाला साऱ्या संस्कृती एका छपराखाली पाहता याव्यात, हे मोठ्या संग्रहालयांचे सर्वांत बळकट म्हणणे. पुष्कळ वस्तूंबाबत ते विचारात घ्यावे लागते. जी वस्तू पाहायची नाही, अभ्यासायची नाही, तिच्याबाबत ते लागूच पडत नाही.

दुसरे म्हणणे असे, की त्या काळी युद्धात लूट व्हायचीच, आजचे माप कालच्या माणसांना लावू नये. इतिहासाचा विद्यार्थी म्हणून मला हे पटले असते, जर कालच्या माणसांनी स्वतःच ते माप लावले नसते. १८७१ साली पंतप्रधान ग्लॅडस्टन यांनी पार्लमेंटमध्येच मक्दलाच्या वस्तू ब्रिटिश फौजेने उचलून आणल्याबद्दल खेद व्यक्त केला होता. पुढच्याच वर्षी सम्राट योहान्नेस चौथा याने मागणी केल्यावर ब्रिटिश म्युझियमने ‘केब्रा नेगास्त’ या ग्रंथाची एक प्रत परत पाठवली. म्हणजे मागणी आजची नाही, परत करण्याची रीतही आजची नाही.

तिकडे वस्तू सुखरूप राहतील का, ही शंका मात्र मी उडवून लावणार नाही. इथिओपियाने अलीकडेच टिग्रायमध्ये भीषण यादवी भोगली आहे. पण सुरक्षिततेची मक्तेदारी लंडनकडेही नाही. आपल्या साठवणीतल्या सुमारे दोन हजार वस्तू गहाळ, चोरीला गेलेल्या किंवा खराब झालेल्या आहेत, अशी कबुली ब्रिटिश म्युझियमला २०२३ साली द्यावी लागली. आणि मुसोलिनीच्या फौजेने १९३७ साली रोमला नेलेला इथिओपियातल्या अक्सुमचा प्रचंड शिलास्तंभ इटलीने २००५ साली तुकड्यांत परत केला, तो २००८ पासून अक्सुममध्ये उभा आहे.

मराठी वाचकाला या प्रश्नाची धग वेगळ्या वाटेने ठाऊक आहे. २०२४च्या जुलैत साताऱ्यात वाघनखे आली ती लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियममधून, तीन वर्षांच्या मुदतीवर. ती शिवरायांनीच वापरलेली, हे सिद्ध करता येत नाही, असे ते संग्रहालयच सांगते. तरी लोक भक्तिभावाने रांगेत उभे राहिले. याच संग्रहालयाकडे मक्दलाचा सोन्याचा मुकुट आहे. त्यानेही २०१८ साली इथिओपियाला दीर्घ मुदतीच्या उसनवारीचा पर्याय सुचवला, पण आपलीच वस्तू उसनी घेणे तिथल्या सरकारला मान्य नव्हते. आपण उसनवारी पत्करली. वाघनखांच्या बाबतीत पुरावाच विरळ असल्याने कदाचित ते शहाणपणाचेही होते. मक्दलाचा पुरावा मात्र लख्ख आहे, आणि तिथे इथिओपियाचा नकार मला पूर्ण रास्त वाटतो.

आता अडसर उरतो तो कायद्याचा. १९६३चा ब्रिटिश म्युझियम कायदा विश्वस्तांना वस्तू देऊन टाकू देत नाही, असे उत्तर ठरलेले असते. हे अर्धेच खरे. नाझींनी हिरावलेल्या वस्तूंसाठी पार्लमेंटने २००९ साली वेगळा कायदा करून वाट काढली. शिवाय १९६३च्या कायद्यातच एक अपवाद आहे: संग्रहात ठेवण्यास अयोग्य ठरलेली वस्तू, अभ्यासकांच्या हिताला बाध येत नसेल, तर विश्वस्तांना देता येते. एडिंबरोच्या एका चर्चमध्ये सापडलेला ताबोत २००२ साली आदिस अबाबात परतला, तेव्हा स्वागताला रस्ते भरून गेले होते. वेस्टमिन्स्टर ॲबीने आपल्याकडचा ताबोत परत करण्याचे २०२४ साली तत्त्वतः मान्य केले आहे. ब्रिटिश म्युझियमच्या अकरा ताबोतांना कुणी अभ्यासक हातही लावत नाही. मग अभ्यासकांच्या हिताला बाध येण्याचा प्रश्नच नाही, आणि नवा कायदाही लागत नाही. विश्वस्तांच्या एका बैठकीत हा ठराव होऊ शकतो.