वहीतले आकडे बाहेर यावेत

कृष्णेला पूर आला की सांगलीकर प्रथम आयर्विन पुलाजवळची पाणीपातळी विचारतो. ४० फूट म्हणजे इशारा, ४५ फूट म्हणजे धोका, हे तिथल्या शाळकरी पोरालाही पाठ असते. तो आकडा सर्वांपर्यंत पोहोचतो, म्हणून माणसे वेळेवर सामान हलवतात. आकड्याचे काम हेच. तो दिसला पाहिजे आणि त्यावरून काही ठरवता आले पाहिजे. या कसोटीवर आपल्या सार्वजनिक ग्रंथालयांतले आकडे कितपत उतरतात?

आकड्यांची तिथे वाण नाही. दाखल नोंदवही आहे, देवघेवीच्या नोंदी आहेत, वर्गणीची पुस्तके आहेत. १९६७ च्या महाराष्ट्र सार्वजनिक ग्रंथालय कायद्यानुसार मान्यताप्राप्त ग्रंथालयांना अ, ब, क, ड असे वर्ग आणि वर्गाप्रमाणे अनुदान मिळते. त्यासाठी पुस्तके किती, सभासद किती, याचा हिशेब दरवर्षी वर जातो. पण एकदा अनुदान आले की आकड्यांचे काम संपले, अशी आपली समजूत! कोणत्या पेठेतून वाचक येतच नाही, मुलींचे वाचन कोणत्या वयात थांबते, कोणत्या कपाटाला पाच वर्षांत हात लागला नाही, हे प्रश्न त्या वह्यांना कुणी विचारत नाही.

१८५४ साली लंडनमध्ये पटकीची साथ आली, तेव्हा डॉ. जॉन स्नो यांनी मृत्यू नकाशावर मांडले. एका पंपाभोवती खुणांची दाटी झाली आणि दूषित पाण्याकडे बोट दाखवता आले. साताऱ्याच्या नकाशावर प्रत्येक सभासदामागे एक ठिपका मांडला, तर कोरी राहणारी वस्ती अशीच डोळ्यांत भरेल. साधनांसाठी अडण्याचे कारण नाही. न्यूझीलंडमध्ये जन्मलेली 'कोहा' ही प्रणाली विनामूल्य आहे. आपल्या राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्राचे 'ई-ग्रंथालय'ही आहे. त्यांतील नोंदींवरून आलेख काढणे आज महाविद्यालयीन विद्यार्थ्याच्या आवाक्यातले काम आहे.

कुणी म्हणेल, मग यंत्रच पुस्तके निवडणार काय? ही शंका रास्त आहे. केवळ मागणी मोजली तर कपाटे कादंबऱ्यांनीच भरतील. एखादा कोश दहा वर्षांत एकदाच उघडला जातो, पण त्या एका दिवसासाठीच तो असावा लागतो. आकड्याने प्रश्न उभा करावा. उत्तर ग्रंथपालाने द्यावे. शिवाय कोण काय वाचतो, ही ज्याची त्याची खाजगी बाब. म्हणून नावे वगळूनच आकडे मांडले पाहिजेत.

१९३१ साली पाच सूत्रे सांगणारे डॉ. रंगनाथन मूळचे गणिताचे अध्यापक होते. प्रत्येक वाचकाला त्याचे पुस्तक आणि प्रत्येक पुस्तकाला त्याचा वाचक मिळावा, हा त्यांचा आग्रह. ही गाठ पडते की नाही, हे मोजल्याशिवाय कळणार कसे?

२०१९ च्या महापुरात सांगली जिल्हा नगर वाचनालयात पाणी शिरून हजारो पुस्तके भिजली. अशा वेळी यादीही त्याच इमारतीत असेल, तर काय गेले हेदेखील सांगता येत नाही. तेव्हा ग्रंथसूची संगणकावर आणून तिची एक प्रत दूर उंचावर ठेवणे, ही पहिली पायरी. तुटपुंज्या पगारावर राबणाऱ्या ग्रंथालय सेवकावर हा भार एकट्याने टाकणे अन्यायाचे होईल. आपल्या महाविद्यालयाच्या भूगोल आणि अर्थशास्त्र विभागांनी यंदा जवळचे एक ग्रंथालय निवडावे आणि त्याच्या एका वर्षाच्या देवघेवीचा आलेख तिथल्याच दर्शनी भिंतीवर लावावा. वाचकाला आपले गाव काय वाचते हे कळेल, आणि काय वाचत नाही हेही.