पुळण, पंचांग आणि रक्तदाबाची गोळी

कोपरचे रेल्वे स्थानक दुमजली आहे. खालून मुंबई-कल्याणच्या लोकल धावतात आणि वरच्या रुळांवरून दिवा-वसई मार्गाच्या गाड्या जातात. वसईस गाडी बदलून केळवे रोडला उतरले की केळव्याचे सुरूचे बन गाठता येते. उलट दिशेस दिव्याहून कोकण रेल्वेने माणगावला उतरून म्हसळ्यामार्गे गेले की दिवेआगर. त्यामुळे सुट्ट्या जवळ आल्या की माझ्या दवाखान्यात एक प्रश्न हमखास येतो : "डॉक्टर, चार दिवस समुद्रावर चाललो आहोत. सकाळी तिथे धावायला हरकत नाही ना?" पूर्वी मी मान वर न करताच "अवश्य धावा" असे सांगत असे.

दोन वर्षांपूर्वीच्या ऑक्टोबरपासून मी तसे सांगत नाही. त्या वेळी घडलेली हकिगत संबंधित गृहस्थांच्या अनुमतीने येथे लिहितो.

वय अठ्ठेचाळीस, नोकरी हिशेबनिसाची. रक्तदाब गोळीने उत्तम आटोक्यात. आठवड्यातून तीन दिवस पहाटे साडेपाचला घराबाहेर पडून खाडीच्या बाजूने सहा किलोमीटर धावण्याचा त्यांचा परिपाठ होता आणि मी इतर रुग्णांना त्यांचे उदाहरण देत असे. कुटुंबासह ते दिवेआगरला गेले. तेथून भरडखोल, शेखाडी करीत श्रीवर्धनकडे जाणारा रस्ता ज्यांनी पाहिला आहे, त्यांना त्याचा मोह वेगळा सांगायला नको. वीसेक किलोमीटरच्या या वाटेवर डाव्या हाताला डोंगर आणि उजव्या हाताला कधी खडक, कधी पुळण, कधी थेट लाटा. भरडखोलला कोळ्यांच्या होड्या आणि वाळत घातलेली मासळी. पुढे रस्ता चढतो आणि एका वळणावर सारा समुद्र एकदम उघडा पडतो. धावणाऱ्या माणसाला याहून सुंदर वाट महाराष्ट्रात क्वचितच मिळेल, असे माझे मत आहे.

पण ते निघाले सकाळी आठ वाजता, घरच्यांबरोबर चहापोहे झाल्यावर. ऑक्टोबरच्या उन्हात त्या चढावर सावली जवळजवळ नाही. किनाऱ्यावरच्या दमट हवेत घाम येतो, पण वाळत नाही. आणि घाम वाळला नाही तर शरीर थंड होत नाही. "भरपूर पाणी प्या" हे आम्हा डॉक्टरांचे आवडते वाक्य त्यांनी मनापासून पाळले. दोन बाटल्या वाटेत, दोन परतल्यावर. दुपारी डोके दुखू लागले, मळमळले. उन्हाचा त्रास म्हणून सर्वांनी दुर्लक्ष केले. संध्याकाळी ते धाकट्या मुलीला थोरलीच्या नावाने हाक मारू लागले आणि आपण कोणत्या गावी आहोत हे त्यांना सांगता येईना, तेव्हा त्यांच्या पत्नी घाबरल्या. गावातल्या डॉक्टरांनी विलंब न लावता त्यांना रुग्णालयात पाठविले. रक्तातील सोडियम १३५ ते १४५ च्या दरम्यान असावे लागते. त्यांचे १२२ होते. आणखी उतरले असते तर झटके येऊन प्राणावर बेतले असते.

ते तीन दिवसांत बरे होऊन घरी आले. मला मात्र त्यांच्या फाइलमधील माझ्याच अक्षरातील चिठ्ठी वाचवेना. रक्तदाबाच्या ज्या संयुक्त गोळीवर ते होते, तिच्यात थायाझाइड जातीचे औषध होते. ते लघवीवाटे मीठ बाहेर टाकते आणि जादा पाणी बाहेर टाकण्याची मूत्रपिंडाची क्षमताही कमी करते. पहाटेच्या गारव्यात चाळीस मिनिटे धावणाऱ्यास त्याचा काही उपद्रव नव्हता. उन्हात दीड तास घाम गाळून वर लिटरच्या लिटर साधे पाणी पिणाऱ्यास तो झाला. मी चार वर्षे तीच चिठ्ठी पुढे चालू ठेवली होती. ते धावतात हे मला ठाऊक होते. सुटीत किती वाजता, किती वेळ धावणार, हे मी विचारले नव्हते.

म्हणून वाचकहो, समुद्रावर धावायला जाण्यापूर्वी आपल्या गोळ्यांचे पाकीट डॉक्टरांना दाखवा. त्यावर हायड्रोक्लोरोथायाझाइड किंवा क्लोरथॅलिडोन ही नावे असतील तर तसे सांगा. गोळी स्वतःच्या मनाने मात्र बंद करू नका. ती चांगली औषधे आहेत आणि अनेकांच्या हृदयाचे रक्षण करीत आहेत. डॉक्टर औषध बदलतील किंवा नुसते धावण्याचे अंतर कमी करतील. पाणी तहानेपुरते प्यावे. तासाहून अधिक धावणाऱ्याने मीठ घातलेले लिंबाचे किंवा कोकमाचे सरबत, अगदी मिठाची पेजसुद्धा घ्यावी; ज्यांना हृदयाच्या वा मूत्रपिंडाच्या विकारासाठी मीठ वर्ज्य आहे, त्यांनी आधी विचारून.

आता वेळेविषयी. पहाटे धावा हे सांगणे सोपे. पण पहाटे पुळण जागेवर असेलच असे नाही. येथे कोळ्यांचा जुना हिशेब उपयोगी पडतो. तिथीच्या आकड्याची पाऊणपट केली की भरतीची वेळ येते. अष्टमीला आठाची पाऊणपट सहा, म्हणजे सकाळी आणि संध्याकाळी सहाच्या सुमारास भरती. पौर्णिमेला पंधराची पाऊणपट सव्वाअकरा. त्याआधी सहा तास, म्हणजे पहाटे पाचच्या सुमारास ओहोटी. गावागावाप्रमाणे तासाभराचा फरक पडतो, म्हणून स्थानिकांना विचारून घ्यावे. पौर्णिमा, अमावास्या आणि त्यांच्या पुढचे दोन दिवस ही धावण्याची पर्वणी : उधाणाच्या दिवसांत ओहोटीही खोल जाते, आणि दिवेआगरची चारेक किलोमीटरची पुळण पहाटे ओल्या, टणक वाळूची होऊन समोर पसरते. मात्र उधाणाचे पाणी परततेही वेगाने. खडकांच्या टोकाला वळसा घालून किंवा खाडीच्या मुखातून पलीकडे जाऊ नये. ओहोटी पूर्ण होण्याआधी तासभर निघावे आणि नंतर तासाभरात किनाऱ्यावर परतावे.

ओल्या वाळूचा आग्रह केवळ सोयीसाठी नाही. बेल्जियममधील संशोधकांनी १९९८ साली मोजले, तेव्हा मऊ वाळूवर धावण्यास कठीण जमिनीच्या सुमारे १.६ पट ऊर्जा लागते असे दिसले. म्हणजे खाडीकाठी सहा किलोमीटर धावणाऱ्याने कोरड्या वाळूत चार किलोमीटर धावले तरी हृदयाचे काम थोडे अधिकच झाले. पोटऱ्या आणि टाचेमागची शीर यांवर येणारा ताण वेगळाच. पुळणीला समुद्राकडे उतार असतो, तेव्हा गेलेल्या वाटेनेच परतावे, म्हणजे दोन्ही पायांना ताण सारखा मिळतो. मधुमेह्यांनी तेथे अनवाणी धावूच नये. शिंपल्याची धार किंवा जाळ्याचा तुटलेला गळ पायात घुसला तरी बधिर तळव्यास कळत नाही, आणि सुटीतली जखम माझ्याकडे येते ती पंधरा दिवसांनी, पू झाल्यावर.

निसर्ग चक्रीवादळाने ३ जून २०२० रोजी या पट्ट्यातील सुपारीच्या वाड्या आणि सुरूची बने उद्ध्वस्त केली. पूर्वीच्या सावलीच्या भरवशावर कोणी आठ वाजेपर्यंत रेंगाळू नये, एवढ्यासाठी त्याचा उल्लेख.

आमचे गृहस्थ गेल्या माघात पौर्णिमेच्या दुसऱ्या दिवशी पुन्हा दिवेआगरच्या पुळणीवर धावले. गोळी बदललेली, अंतर निम्मे, सोबतीला सायकलवर थोरली मुलगी. बारीक खेकड्यांनी ओल्या वाळूवर गोळ्यांची रांगोळी घातली होती आणि ती मोडू नये म्हणून आपण वाकडेतिकडे धावलो, असे त्यांनी फोनवर सांगितले. शेखाडीचा चढ त्यांनी मोटारीतून पाहिला.

मागच्या आठवड्यात ते रक्तदाब तपासायला आले होते. आता गुहागरचा बेत आहे. तारीख सांगितल्यावर मी भिंतीवरची दिनदर्शिका पाहिली : अष्टमी. सहाला भरती, पुळण पाण्याखाली. त्या दिवशी खालच्या पाटापासून वरच्या पाटापर्यंत, वाड्यांमधून जाणाऱ्या गावातल्या रस्त्याने धावा, असे मी चिठ्ठीच्या मागे लिहून दिले.