पडद्यामागचा आवाज

१९२७ साली अमेरिकेत मूकपटांना वाचा फुटली आणि कित्येक नटनट्यांची पंचाईत झाली. याच फजितीवर जीन केली व स्टॅन्ली डोनेन यांनी १९५२ साली ‘सिंगिंग इन द रेन’ हा विनोदी बोलपट काढला. त्यातील लीना नावाची नटी दिसते अप्सरेसारखी. पण बोलू लागली, की कानांवर हात ठेवावेत! म्हणून कॅथी ही मुलगी पडद्याआडून गाते आणि टाळ्या मात्र लीना घेते. अखेरीस पडदा वर जातो, खरी गायिका दिसते आणि प्रेक्षक पोट धरधरून हसतात.

पण कॅथीची भूमिका करणाऱ्या डेबी रेनॉल्ड्सच्या तोंडचे एक गाणे प्रत्यक्षात बेटी नॉइस हिने गायिले होते आणि तिचे नाव श्रेयनामावलीत नाही! दुसऱ्याचे श्रेय लाटणाऱ्यांची इतकी थट्टा उडविणाऱ्या चित्रपटाला हे शोभले नाही.